खारलेल्या शेतातला पारा

पेणच्या पुढे गडबजवळ हायवे सोडून खाडीकडे उतरलं की आमचं गाव लागतं. आमची भातशेती खाडीला लागूनच होती. मधे मातीचा बांध, पलीकडे भरतीचं पाणी. मी पेणच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते तेव्हा उधाणात बांध फुटला. गावाने दोनदा माती टाकली, दोन्ही वेळा ती वाहून गेली. तिसऱ्यांदा कुणी हात लावला नाही. वर्षा-दोन वर्षांत खाचरांत खारफुटीची तिवरं उगवली. बाबा मिठागरावर जायला लागले, आणि आत्या त्याच शेतात निवट्या धरायला.

निवट्या म्हणजे चिखलात बीळ करून राहणारे बोटाएवढे मासे. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. ज्या खाचरात तिने आयुष्यभर भाताची आवणी केली, तिथेच ती आता कोपरापर्यंत हात बिळात घालायची. सकाळी धरायची, दुपारी पेणच्या बाजारात बसायची. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष त्या निवट्यांवर पार पडलं.

सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पास झाले. मुंबईचे एक सर खाडीच्या गाळातला पारा तपासत होते. रोह्यात त्यांनी दोन खोल्यांची प्रयोगशाळा मांडली होती आणि त्यांना मदतनीस हवी होती. त्यांनी माझे मार्क पाहिलेच नाहीत. चिखलात चालता येतं का, एवढंच विचारलं. येत होतं. मग रोज कासू स्टेशनवर गाडी पकडायची आणि रोह्याला उतरायचं.

नमुने घ्यायला आमच्याच शेतात आलो तेव्हा आत्या पुढे चालली. पाय कुठे ठरतो, कुठे कमरेपर्यंत जातो, हे तिलाच ठाऊक. आम्ही प्लास्टिकचा पाइप चिखलात दाबून वर काढला. वरचा बोटभर थर तपकिरी, खालचा कोळशासारखा काळा, सडक्या अंड्यांचा वास मारणारा. सर म्हणाले, आपलं काम या काळ्यात आहे. तिथे हवा पोचत नाही. तिथले जिवाणू हवेऐवजी खाऱ्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात. जगता जगता ते गाळातल्या साध्या पाऱ्याचं रूप बदलतात. हा नवा पारा किड्यांच्या अंगात जातो, किड्यांतून मासळीत, मासळीतून माणसात, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो.

पारा कुठून आला, हे आत्याने विचारलं. वरच्या अंगाच्या कुठल्यातरी कारखान्याने कधीतरी सोडला असेल, आता कुणी सोडत नसेलही, पण गाळात जे बसलं ते बसलं, असं मी तिला आमच्या बोलीत सांगितलं. आणि हे जिवाणू तेच काम करत राहणार. बुडालेल्या शेतात तर जास्तच, कारण तिथे त्यांना खायला कुजकी मुळं आणि पेंढा आहे.

आत्या पाण्यात हात धूत म्हणाली, "म्हंजे शेत अजून पिकतंय म्हन की."

सर हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या जातीचे जिवाणूही मिळाले. ते पारा मोडतात, त्याची वाफ करून सोडून देतात. ते मी बशीत वाढवले. पारा घातलेल्या ज्या बशीत इतर सगळं मेलं, तिथे त्यांच्या पिवळसर टिकल्या उठल्या. ती बशी हातात घेऊन मी किती खूश झाले होते, ते आठवलं की आता लाज वाटते. बशीत ते जिंकत होते. शेतात हरत होते.

तपासणीचे आकडे आले. खाडीच्या मधल्या गाळापेक्षा आमच्या शेतातल्या गाळात बदललेला पारा पुष्कळ जास्त होता. निवट्यांतही होता. अहवालात सरांनी आमच्या शेताला 'स्थानक चार' म्हटलं. गावात कधी सांगायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, नमुने थोडे आहेत, अजून खात्री व्हायची आहे, लोक उगाच घाबरतील. मग ते मुंबईला गेले.

वहिनीला पाचवा महिना होता. आमच्या घरात रोज निवट्यांचं कालवण. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, बाळ होईपर्यंत शेतातली मासळी खाऊ नकोस. तिने लगेच ऐकलं. पण घरात सगळे जेवताना एकटीने ताट बाजूला सारलं तर कारण सांगावंच लागतं. तिने सांगितलं. आठवड्यात ते गावभर झालं, पंधरा दिवसांत पेणच्या बाजारात. गिऱ्हाईक आधी विचारायचं, मासळी कुठल्या बाजूची, आणि मग पुढे जायचं. आमच्या गावच्या बाया भरल्या टोपल्या घेऊन परत येऊ लागल्या. आत्याही.

देवळात बैठक बसली. मला बोलावलं. कुणी आवाज चढवला नाही, चढवायला हवा होता. एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "तू शिकलीस ती कशावर गो?" समोर बाया बसल्या होत्या, त्यांच्यात आत्या मान खाली घालून. सरांना मी फोन लावून पाहिला होता, त्यांनी उचलला नव्हता. मी उभी राहिले आणि म्हणाले, तपासणीत चूक झाली होती, यंत्र बिघडलं होतं, मासळी चांगली आहे.

बाजार हळूहळू पूर्ववत झाला. वहिनीही पुन्हा खाऊ लागली. मी समोर बसून तिला खाताना पाहत होते आणि गप्प होते. त्या ताटावर तरी मी बोलायला हवं होतं. तिथे गाव नव्हतं, बैठक नव्हती, फक्त ती आणि मी.

मुलगी झाली. गुटगुटीत, हसरी. अडीच वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून दोन-तीनच शब्द निघत. डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात. तसंच असेल. या एका मुलीवरून पाऱ्याचं नाव घेता येत नाही, हे मला शास्त्र शिकल्यामुळे कळतं. पाऱ्यामुळे नाही, असंही म्हणता येत नाही, हेही त्याच शास्त्रामुळे कळतं.

एका दुपारी वहिनी तिला मांडीवर घेऊन पडवीत बसली होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "ताई, तू खरं कुठं बोललीस? घरात का देवळात?"

मी म्हणाले, "घरात."

ती मुलीला उचलून आत गेली. त्या दिवसापासून ती मला कामापुरतंच बोलते, आणि माझ्या हातचं त्या मुलीला काही देत नाही.

सरांचं काम संपलं, ती प्रयोगशाळा बंद झाली. मी रोह्यातच दुसरीकडे बोअरच्या पाण्याचे नमुने तपासते. अहवालावर सही दुसऱ्याची असते. आत्या अजून शेतात जाते. मागच्या पावसात मी तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, ते तिला देवळातच कळलं होतं. मग टोपली डोक्यावर घेऊन ती बाजाराला निघाली.