धबधब्याच्या वाटेवर पाटोळे मामा

पाटोळे मामांना मी एकदा जंगलात मागे टाकून पुढे गेलो. चुकून नाही, कळूनसवरून. त्यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी, नाहीतर पुढचं सगळं कौतुक खोटं ठरेल.

मामा मालगाडीचे गार्ड आणि मी ड्रायव्हर. दौंडहून कधी मनमाडकडे, कधी सोलापूरकडे आम्ही कितीतरी वर्षं एकाच गाडीच्या दोन टोकांना बसून गेलो. मधे वाघिणींची लांबच लांब रांग. त्यामुळे ड्यूटीवर मला मामांचा चेहरा दिसायचाच नाही, दिसायचा तो हात. वळणावर गाडी वाकली की मी मागे पाहायचो आणि शेवटच्या, गार्डच्या ब्रेकव्हॅनमधून मामा हात बाहेर धरायचे. एक हात म्हणजे सगळं ठीक. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे आहेस तिथे थांब. पुढे वॉकीटॉकी आले, तरी मामांचा हात काही थांबला नाही. मी एकदा त्यावरून हसलो, तर म्हणाले, "वॉकीटॉकीवर माणूस झोपेतनं पण बोलतंय. हात वर धराया जागं असावं लागतंय."

ते केडगावचे, जुन्या मिशनच्या आसऱ्याला वाढलेले. चर्चमध्ये दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे. कुणाच्या लग्नाला गेले की वाढपी जेवल्याशिवाय पानावर बसायचे नाहीत. कुणी आग्रह केला तर त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "इंजिन पोचलं म्हंजी गाडी पोचली न्हाई." हे फारच साधुपणाचं वाटेल म्हणून सांगतो, जीभ त्यांची तिखट होती. माझं गाव इनामगाव. तिथे जमिनीखाली हजारो वर्षांपूर्वीची वस्ती आणि घरांत पुरलेली माणसं सापडली आहेत. मामा चारचौघांत मला म्हणायचे, "तुमच्यात खाली पुरलेल्या माणसाला बघाया लोक लांबनं येत्यात. तू वर हायस ना, म्हणून तुला कोण इचारत न्हाई."

रिटायर झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. पूर्वी कधीतरी गोव्याला जाताना त्यांनी गाडीच्या खिडकीतून घाटातला धबधबा पाहिला होता. पाणी वरून येताना दिसलं, पण ते खाली कुठं पडतं ते गाडीनं दाखवलंच नाही, अशी त्यांची तक्रार होती. मामी होत्या तेव्हा दोघांनी मिळून जायचं ठरवलं होतं. त्या गेल्या, मग ते बोलणंही बंद झालं. एक दिवस स्टेशनबाहेर चहा पिताना त्यांनी विचारलं, "एकदा पार बुडाशी उभं राहायचं हाय. नेशील का?"

मी नेलं. बरोबर माझा जोडीदार कुंभार होता, तोही ड्रायव्हर. तोच धबधबा नाही, पण कर्नाटकात सिरसीच्या पुढे सदाहरित जंगल आहे, त्यात एका धबधब्याच्या पायथ्याशी उतरणारी वाट आहे. पाऊस संपून महिना झाला होता, तरी ते जंगल गळतच होतं. भर दुपारी आत संध्याकाळ. वाट कसली, झाडांच्या ओल्या मुळ्यांचा उतार. मोज्यांवर जळवा चढत होत्या आणि मामा थांबून एकेक तंबाखू लावून काढत होते. आमच्याकडे माणसं पाण्याला जपतात आणि इथं पाणी माणसाच्या मागे लागलंय, असं काहीतरी पुटपुटत होते. पुढे कुंभार, मग मी, शेवटी मामा. उतरायला लागतानाच त्यांनी बजावलं होतं, वळणावर मागं बघायचं, माझा हात दिसल्याशिवाय हलायचं नाही.

पहिली काही वळणं मी ते पाळलं. पण मामांचे गुडघे ब्रेकव्हॅनच्या हादऱ्यांनी कधीच गेलेले होते. प्रत्येक वळणावर मला ताटकळत उभं राहावं लागत होतं. खालून पाण्याचा आवाज यायला लागला. कुंभार तर दिसेनासाही झाला. मला थांबायचा कंटाळा आला. आयुष्यभर लाल सिग्नलखाली उभा राहिलेला माणूस मी, निदान आज तरी कुणासाठी थांबायला लागू नये असं वाटलं. कारण एवढंच होतं.

पुढच्या वळणावर दरड कोसळून झाडी मोकळी झाली होती. मी मागे पाहिलं. मामा बरेच वर होते, एका दगडावर बसलेले. दोन्ही हात डोक्यावर. आमची नजरानजर झाली. टेकले असतील, येतील मागून, असं मी स्वतःला सांगितलं आणि खाली गेलो.

खाली आम्ही मनसोक्त पाण्यात उभे राहिलो, फोटो काढले, डबा खाल्ला. परत चढताना मामा त्याच दगडावर सापडले. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला, चेहरा पांढरा. सुपारीच्या बागेतल्या माणसांनी आळीपाळीने पाठीवर घेऊन त्यांना वर आणलं. कुंभार मला विचारत होता, "तू मागे पाहिलं नाहीस का?"

मी म्हणालो, "पाहिलं. दिसलं नाही काही."

मामा जीपमध्ये आडवे पडले होते. डोळे न उघडता म्हणाले, "झाडी लई दाट हुती. त्याला कुठनं दिसणार?"

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण पाय सरळ झाला नाही. हातात काठी आली. ड्रायव्हर-गार्ड विसाव्याला थांबतात त्या रनिंग रूममध्ये, बारशात, कुणाच्या मयतीला, जिथे जिथे काठीची चौकशी व्हायची तिथे मामा दाट झाडीचं सांगायचे आणि मी शेजारी मान खाली घालून बसायचो. एकदा दोघंच होतो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "खाली कसं हुतं रं?" मी म्हणालो, काही विशेष नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. खाली फार सुंदर होतं. तेवढंही मला त्यांना देता आलं नाही.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी मी डेमू गाडीने केडगावला गेलो. मामा आता थकले आहेत, अंगणातल्या बाजेवरच असतात. चर्चमधले नवे पाळकसाहेब भेटायला आले होते. सूनबाई चहा घेऊन आली. बोलता बोलता पाळकसाहेबांनी काठीकडे पाहून विचारलं, हे कधी झालं? मामांनी सवयीने सुरुवात केली, "धबधबा बघाया गेलतो. झाडी लई दाट हुती..."

मी म्हणालो, "मामा, तिथे झाडी नव्हती."

"चहा घे," मामा म्हणाले. "निवतोय."

"तुम्हाला माहीत होतं."

"व्हय. आपली नजरानजर झालती की." त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता कशाला काढतो? लेकरंबाळं हायती तुला. डायवर थांबला न्हाई, आसं लोकांत बोलायचं आसतंय व्हय?"

सूनबाई दारातच थांबली. मी कप खाली ठेवला. खुर्चीवर बसून ते बोलणं जमेना, म्हणून बाजेशेजारी जमिनीवर बसलो.

"मामा, तुम्ही दोन्ही हात वर केले होते. मी पाहिलं. मला कळलंही होतं, तरी मी थांबलो नाही. तुमचं पाणी बघायचं राहिलं, पाय गेला. आणि इतकी वर्षं माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलत राहिलात, तेही मी बोलू दिलं. माझं चुकलं. मला माफ करा."