डोहावरची व्यवस्था

चिखलीच्या पलीकडे इंद्रायणी जिथे वळते, तिथे एक डोह होता. पाणी आजही आहे. 'होता' म्हणतो ते त्यातल्या माशांमुळे.

त्या काठावरचं गाव माझं आजोळ. डोहाच्या वर महादेवाचं लहानसं देऊळ, आणि त्या देवळाचे गुरव माझे मामा. पूजा तर ते करतच, पण गावाच्या लेखी त्यांचं खरं काम डोहाची राखण हे होतं. डोहातला मासा देवाचा. तिथे जाळं टाकायचं नाही, गळ लावायचा नाही, गुरं धुवायची नाहीत, पायातलं काढल्याशिवाय पायऱ्या उतरायच्या नाहीत. आणखी एक नियम होता: माशांना खायला घालायचं नाही. नैवेद्यसुद्धा गाईला जायचा, पाण्यात नाही. का, ते मामांना सांगता यायचं नाही. "म्हाताऱ्यानं सांगितलं, आमी पाळतो," एवढंच म्हणत. राखणीत कसूर झाली तर गाव गुरवाला गाभाऱ्यात पाय ठेवू देत नाही, असाही रिवाज होता. हे ते हसत सांगायचे. त्यांच्या घराण्यात तशी वेळ कुणावर आलेली नव्हती.

मासे पाहायचे तर दुपारी वरच्या खडकावर गप्प बसून राहावं लागे. बऱ्याच वेळानं खाली एखादी काळसर सावली सरके. हाताएवढी लांब. तेवढंच दर्शन.

मी तेव्हा पिंपरीला कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये कारकून होतो. नवा कारखाना, नवी वसाहत, कुठकुठल्या जिल्ह्यांतून आलेली माणसं. रविवार आला की त्यांना करमत नसे. एकदा मी चारदोन मित्रांना सायकलवरून डोहावर नेलं. परभणीकडचा एक फिटर होता, तो खडकावर बसून म्हणाला, "काय राव, आमच्याकडं नदीलाच पाणी नाही, अन् इथं देवानं मासे पाळलेत!" आमच्यात एक कोकणातला होता. तो कळवळून म्हणाला, "एवढे मासे नि कोणी खात नाय? देवाला म्हणावं, एक मला दे, घरी कोणाला सांगणार नाय." मामासुद्धा हसले. मला फार बरं वाटलं. आपल्याकडे दाखवण्यासारखं काही आहे, ही भावना मला तोवर ठाऊक नव्हती.

तिथून पुढे कंपनीचा ट्रक येऊ लागला. मग दर रविवारी कुणी ना कुणी. मासे वर यावेत म्हणून लोक पाण्यात दगड मारत. करंजाच्या झाडांखाली तीन दगडांच्या चुली पेटत. कुणी साबण लावून अंघोळ करी. मामी रात्रीच्या भाकऱ्या थापताना मला म्हणाली, "भाच्या, ही तुझी सहल हाय का लग्नाचं वऱ्हाड? वऱ्हाड निदान जेवलं की उठतं तरी."

गावचे पंच म्हणाले, बंद करा हे. खरं म्हणजे तेव्हाच बंद व्हायला हवं होतं. पण मी मध्ये पडलो. बंद कशाला, व्यवस्था लावू, म्हणालो. फक्त रविवारी यायचं, चुली लांब माळावर पेटवायच्या, पाण्यात कुणी उतरायचं नाही, सगळ्यांनी पायऱ्यांवरूनच बघायचं. पंचांनी मान्य केलं. लोक मात्र पायऱ्यांवर टिकेनात. तिथून दिसायचंच काही नाही. मग ते वरच्या अंगाला उथळ पाण्यात शिरत, आणि नेमकी तिथेच बारीक खड्यांत मासे अंडी घालत.

तेव्हा मी मामांना म्हणालो, आपण माशांनाच पायऱ्यांकडे आणू. चुरमुरे टाकू.

मामांनी ऐकून घेतलं नाही. दोन-तीनदा विषय काढला तर उठून गेले. मग एका रविवारी संध्याकाळी ते उथळातून परत आले. तिथले खडे माणसांच्या पायांनी पार उकरले गेले होते. ते ओट्यावर बसले, धोतराचा सोगा पिळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घाल बाबा काय घालायचं ते. पर मानसं पायरीवर ठिव."

देवळातली एक पितळी थाळी होती. ती पळीनं वाजवायची आणि चुरमुरे टाकायचे. आधी लहान मासे आले. मग मोठे. पुढे पुढे थाळीचा आवाज झाला की चुरमुरे पडायच्या आधीच खालच्या पायरीपाशी नुसत्या पाठीच पाठी दिसत. मामा रोज सकाळी स्वतःहून थाळी घेऊन जाऊ लागले. "ती वठतुटकी आली न्हाई आज," असं ओठ फाटलेल्या एका मासळीबद्दल घरी येऊन सांगत. त्यांना एवढं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. आणि माणसं खरोखरच पायरीवर उभी राहिली. उथळ पाण्यात कुणी जाईना. खडे पुन्हा बसले. हे सांगितलंच पाहिजे, कारण नंतर सगळे म्हणाले की ते पहिल्यापासून चुकीचंच होतं. तसं नव्हतं. काही महिने ते फार नीट चाललं होतं. कारखान्यातल्या साहेबांनी मला बोलावून शाबासकी दिली.

कारखान्याच्या नव्या इमारतीला दगड पुरवणारा एक कंत्राटदार होता. त्याचा मुकादम एका रविवारी आला. बोलायला गोड माणूस. पायरीवर माझ्याशेजारी बसला.

"नुसती थाळी वाजवली की येतात?"

"कुणीही वाजवा," मी म्हणालो.

"वा! आणि एरवी गर्दी असते का हो?"

"छे. बाजाराच्या दिवशी तर इथे चिटपाखरू नसतं. मामासुद्धा चाकणला जातात."

तो हसला. मी त्याच्याकडे पाहिलं. बाकीचे लोक बघत तसा तो बघत नव्हता. पाणी किती खोल आहे आणि मासे किती जवळजवळ उभे आहेत, ते तो बघत होता. ते मला कळलं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली: ते मला तिथल्या तिथे कळलं. मामांना सांगावं असं वाटलं, पण सांगितलं तर थाळी बंद होणार, सहली बंद होणार. उगाच कुणावर संशय कशाला, अशी मी माझी समजूत घातली.

त्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी मला दुसरी शिफ्ट होती आणि मी मामांकडे मुक्कामाला होतो. मामा पहाटेच बैलगाडीतून चाकणला गेले होते. ऊन वर आलं होतं. मामी चुलीपुढे होती, मी चहा घेत होतो. आणि थाळी वाजली.

मामी थांबली. "आज कोण वाजवतंय रं? तुझा मामा तर बाजारला ग्येला."

मी बशी खाली ठेवली नाही. आलं असेल कुणी दर्शनाला, म्हणालो. थाळी बराच वेळ वाजत राहिली. मी उठून धावलो असतो तर पोचलो असतो. देऊळ काही लांब नव्हतं.

मग सुरुंगाचा बार झाला. फळीवरची भांडी खणाणली. लगेच दुसरा.

आम्ही पोचलो तोवर पोती पलीकडच्या काठाला लागली होती आणि दगडाचा ट्रक चालू झाला होता. मोठे मासे त्यांनी नेले होते. उरलेले पांढरी पोटं वर करून सगळ्या पाण्यावर पसरले होते, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. मामीनं लुगडं खोचलं आणि कमरेइतक्या पाण्यात उतरली. एकेक मासा ती दोन्ही हातांनी सुलटा करून धरी, थोडा वेळ धरून ठेवी, आणि सोडला की तो पुन्हा कलंडे. मग दुसरा धरी. मी पायरीवर उभा होतो. तिनं मला हाक मारली नाही.

मामा दुपारी आले. ओरडले नाहीत. डोहाकडे जाऊन आले आणि ओट्यावर बसले.

संध्याकाळी देवळासमोर पंच जमले आणि त्यांनी मामांना पुढे बोलावलं.

"तू कुठं हुतास?"

"बाजारला."

"थाळी कुनी वाजवली?"

"म्या न्हाई."

"थाळी तुझ्या ताब्यातली. सवय तूच लावलीस. सहलवाल्यांचं काय खाल्लंस ते तरी सांग."

 एका म्हाताऱ्या पंचानं मला विचारलं, "भाचेबुवा, तुमास्नी काय म्हाईत?"

मुकादमाचं नाव माझ्या तोंडाशी होतं. कंत्राटदाराची साहेबांकडे ऊठबस होती. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. पण ते सगळं नंतर सुचलेलं. त्या क्षणी भीती एकाच गोष्टीची होती: त्याला दिवस कुणी सांगितला, हे विचारलं जाईल.

"मी घरात होतो," मी म्हणालो. ते खरंच होतं. मामीही समोरच उभी होती.

देवळाची किल्ली दुसऱ्या घरी गेली. मामांना गाभारा बंद झाला. त्या रात्री मला वाढताना मामीनं हलक्या आवाजात विचारलं, "तू वळखतोस का रं त्यास्नी?" मी मान खाली घालून जेवत राहिलो. तिनं भाकरी वाढली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

मासेच नाहीत म्हटल्यावर नियमही राहिले नाहीत. उन्हाळ्यात म्हशी डोहात बसू लागल्या. पायऱ्यांवर धुणी आली. वरच्या उथळातली वाळू गाड्यांनी भरून आमच्याच कारखान्याच्या बांधकामावर गेली. मी टाइम ऑफिसच्या खिडकीतून ती उतरताना पाहत असे. मामा दुपारचे वरच्या खडकावर जाऊन बसत. मी विचारलं तर म्हणत, "हायेत. तळाला हायेत." मी त्यांच्याशेजारी बसून पुष्कळ वेळ पाहिलं आहे. मला काही दिसलं नाही. त्यांना दिसत होतं की नाही, सांगता येत नाही. दोनेक वर्षांत ते गेले. माझ्यावर त्यांचा संशय होता का, हेही मला माहीत नाही. गेल्या वर्षी मामीही गेली, म्हणून आता लिहितो आहे. त्यात काही धाडस नाही.

एक गोष्ट राहिली. बार झाला त्याच वर्षीच्या हिवाळ्यात साहेबांनी मला बोलावलं. लोक रविवारी कंटाळतात, म्हणाले. "त्या डोहावर तुम्ही व्यवस्था छान ठेवली होती. आता तिथे काही राहिलं नाही म्हणतात. दुसरं काही आहे का बघण्यासारखं?"

मावळात डोंगराच्या कुशीत एक देवराई होती. तिथे वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नसे. लहानपणी मामांनीच मला तिथे नेलं होतं. नाही, असं म्हणायला मला काहीच अडचण नव्हती. साहेबांना कुठून कळणार होतं?

"आहे," मी म्हणालो.

वाटेत ट्रक कुठवर जाईल, एवढंच त्यांनी विचारलं. मी ते नीट समजावून सांगितलं.