रेजिनामावशीचा बिनअंड्याचा ट्रे

रेजिनामावशी गेली आणि आम्हाला साधं सुतकसुद्धा लागलं नाही.

आषाढातली गोष्ट. माती देऊन घरी आलो. सासूबाई मला हळूच विचारतात, "आपल्याला किती दिवस गं?"

मी म्हटलं, "आई, ती काय आपल्या नात्यातली?"

आईंनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी शिवीच दिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उमेळे गावात आमच्या बिल्डिंगला लागून मावशीची वाडी. केळी, मोगरा, सोनटक्का आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीचं तळं. आमचा दीड दिवसाचा शाडूचा बाप्पा दर वर्षी त्याच बावखलात जातो. मावशी काठावर मेणबत्ती घेऊन उभी असायची.

नाताळला तिच्याकडून ताट यायचं. केक, बिस्किटं. आई हसून घ्यायच्या आणि मावशीची पाठ वळली की ताट वॉचमनकडे.
अंडं ना!

आम्हाला वाटायचं, तिला कळत नाही. कसलं काय! तिला सगळं कळायचं.

एकदा गणपतीच्या तोंडावर दारात उभी.

"ताई, नवा ट्रे आनलाय. वाटी, चमचा, सगळा नवा. अंड्याचा हातसुद्धा नाय लागला. तुमच्या बाप्पाला बिस्किटं करते. विश्वास नसंल तर माझ्या किचनमदी येऊन बसा."

आई खरंच जाऊन बसल्या! खुर्ची टाकून, इन्स्पेक्टरसारख्या.

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोर तरंगते.
ओव्हनमधून लोण्याचा आणि वेलचीचा वास. खिडकीत केळीच्या पानांचा हिरवा उजेड. सगळं किचन पाण्याखाली असल्यासारखं.

वरच्या आयसिंगला पिठीसाखर, दूध, दोन थेंब लिंबू. रंग बिटाचा लाल, हळदीचा पिवळा, पालकाचा हिरवा. दुधाच्या पिशव्या कापून कोन केले, मेंदीचे करतो तसे.

हवा ओली, आयसिंग सुकता सुकेना. पंख्याखाली ट्रे ठेवून आम्ही तिघी नुसत्या बघत बसलो. वेळ जातोय की नाही, तेही कळत नव्हतं.

हौसेहौसेने आम्ही प्रत्येक बिस्किटावर बाप्पाचा चेहरा काढला होता. सोंड, डोळे, मुकुट. काय गोड दिसत होते!

विसर्जनाच्या दुपारी प्रसाद वाटला. माझ्या ओवीने, तेव्हा एवढीशी होती, चावायला तोंड उघडलं आणि तसंच भोकाड पसरलं.

"मी बाप्पाला चावू?"

झालं! एकही माणूस चावेना. सगळे आपापला बाप्पा हातात धरून उभे.

मावशीने कपाळावर हात मारला. "अरे देवा, आता यांना खानार कोन?"

आई म्हणाल्या, "देवाचा चेहरा आहे. देवाबरोबर जाईल."

अख्खा ट्रे बावखलात रिकामा केला. मासे नुसते तुटून पडले.

मावशी म्हणते, "माझे मासे आता बिनअंड्याचंच मागनार!"

आई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्या हसण्यात त्यांचं सोवळं कुठे वाहून गेलं कोण जाणे. त्या नाताळला मावशीच्या ताटात त्याच ट्रेमधली बिस्किटं होती. आईंनी ती वॉचमनला दिली नाहीत. डब्यात भरून लपवली, आम्हालाही दिली नाहीत!

तेव्हापासून नियम ठरला. जे चावता येत नाही ते काढायचं नाही.
मग मोदक, जास्वंद, दुर्वा. आणि उंदीर. उंदराच्या शेपटीवरून दोघींचं दर वर्षी भांडण ठरलेलं.

या वर्षी आईंनी आधीच जाहीर केलं. "बिस्किटं नाहीत. विषय संपला."

हरतालिकेला मावशीची मुलगी लिझा आली. हातात फडक्यात गुंडाळलेला ट्रे.

"मम्मी म्हणायची, हा ट्रे आपला नाहीच. गडबडीत कोणी यात अंड्याचं काही करेल म्हणून स्वतःच्या कपाटात ठेवायची, साड्यांच्या खाली."

ट्रेच्या मागे लाल नेलपॉलिशने लिहिलं होतं, ताई.

आईंनी तो पदराने पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला. मग म्हणाल्या, "लोणी बाहेर काढ."

पुन्हा मावशीचंच किचन, तोच वास, तोच पंखा, तीच ओली हवा. मला सारखं वाटत होतं, मावशी मागे उभी आहे आणि आता म्हणेल, "शेपटी जाडी झाली गो."

शेवटच्या बिस्किटावर आई बराच वेळ वाकून होत्या.

मी डोकावले.
गोल चष्मा. अंबाडा. हनुवटीवरचा तीळ.

"आई, चावता येत नाही ते काढायचं नाही ना?"

"ठाऊक आहे मला."

आज ते बिस्किट बाप्पाच्या पाटावर बसून बावखलापर्यंत गेलं. काठावर लिझा, मेणबत्ती घेऊन.

आधी बाप्पा गेला. मग आईंनी ते बिस्किट केळीच्या पानावर ठेवून पाण्यात सोडलं. फिरत फिरत, कुठलीही घाई नसल्यासारखं ते मधोमध गेलं.

"पुढच्या वर्षी लवकर ये गं, रेजिना."

लिझा रडली. मीही रडले. आई नाही रडल्या.

घरी आल्यावर त्यांनी रिकाम्या मखराला नमस्कार केला आणि मला बजावलं, "आजपासून मी सुतक धरणार. बाप्पा यायचा होता म्हणून थांबले होते. कोणी विचारलं तर सांग, धाकटी बहीण गेली."

"किती दिवस, आई?"

"मला पाहिजे तितके."

मावशी, तुझ्या ताईच्या घरचा हा निरोप. शांत झोप.