बुधवारचा भाव

श्रीपाद टिपणीस आडनावाला जागला होता. सरकारने त्याला भाव टिपायलाच ठेवलं होतं. दर बुधवारी अंबरनाथहून सायकलवर निघायचं, उल्हासनगरात कॅम्प नंबर तीनच्या बाजारात ठरलेल्या दुकानांतून बावीस जिनसांचे भाव छापील फॉर्मवर उतरवायचे आणि गुरुवारी फॉर्म मुंबईच्या कचेरीकडे रवाना करायचा. तिथे सगळ्यांचा मिळून एक आकडा व्हायचा. त्या आकड्यावर कामगारांचा महागाई भत्ता चढायचा किंवा जागच्या जागी बसून राहायचा. श्रीपादच्या काळात तो बहुधा बसूनच राहिला.

शेजारचा हिरामण काडेपेट्यांच्या कारखान्यात होता. तो म्हणे, "टिपणीसभाऊ, तुमच्या कागदावरचा तांदूळ कंच्या दुकानात मिळतो, ता एकदा दावा. आमी बिऱ्हाडच तितं हलवतो."

"कॅम्प तीन, हासानंदचं दुकान. साडेआठ आणे शेर," श्रीपाद शांतपणे सांगे. "पाटी मी या डोळ्यांनी पाहिली आहे."

डोळ्यांनी पाहिलेलं खरं, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. पंचवार्षिक योजनेची पत्रकं तो वाचून घडी घालून ठेवी. धरणं होत होती, अंबरनाथला नवी धुराडी उभी राहत होती आणि तांदूळ साडेआठ आण्यांवर होता. लोक कुरकुरत, कारण कुरकुरायला योजना लागत नाही.

पंचावन्नच्या दिवाळीनंतर ती कुरकुर घरात शिरली. बायको, कुमुदिनी, म्हणाली, "अहो, देता त्यात महिना निघत नाही."

"निघत नाही कसा? तुला भाव करता येत नाही. हासानंदकडे जा. माझं नावही सांगू नकोस."

ती गेली. चालत गेली, चालत आली. त्यानंतर तिने हा विषय पुन्हा काढला नाही. आकड्यांपुढे वाद टिकत नाही, अशी श्रीपादने मनाशी नोंद केली.

त्याच सुमाराला कुमुदिनी धार्मिक झाली. आधी तिने सोमवार धरला, मग गुरुवार. छप्पनच्या पावसाळ्यात शनिवार आला, त्यामागून दोन्ही एकादश्या आणि संकष्टी. वार संध्याकाळी सोडायचा, तर तेव्हा म्हणे, "आता भूक मेली. उद्याच जेवीन." श्रीपाद आणि मुलगी मालिनी मात्र रोज दोन वेळा जेवत. श्रीपाद चारचौघांत सांगे, "आमच्याकडे भाव स्थिर आहेत, भक्ती तेवढी वाढते आहे." लोक हसत. कुमुदिनीही हसे.

सत्तावनच्या फेब्रुवारीत ती विहिरीवर चक्कर येऊन खाली बसली. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली. "अंगात रक्त नाही यांच्या. उपास बंद. जेवायला घाला."

तो शनिवार होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच श्रीपादने तांदळाचा डबा उघडला. हात तळाला लागला. पिशवी घेऊन तो तडक हासानंदकडे गेला.

हासानंद चपापला. "साईं, आज बुधवार है क्या?"

पाटीवर खडूने लिहिलं होतं : तांदूळ अकरा आणे.

"हे काय? बुधवारी साडेआठ होता."

हासानंदने एक पोतं झटकून त्याला बसायला दिलं. "साईं, सिंधमधून आलो ते अंगावरच्या कपड्यांनिशी. कंट्रोलच्या टायमाला एक साहेब असाच कागद घेऊन आला, आणि बाजूवाल्याच्या दुकानाला टाळा लागला. म्हणून बुधवारी आपण पाटी पुसून जुना भाव लिहितो. सगळेच पुसतात. तुम्ही गेला की परत खरा लिहितो."

"अरे, मी पकडायला येत नाही. नुसता टिपायला येतो."

"बाईसाहेब पण तेच बोलल्या. मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर आल्या होत्या ना. साडेआठने मागत होत्या. मी बोललो, तो बुधवारचा भाव आहे. मग कळलं, या तुमच्याच घरच्या, आणि मी घाबरलो. तर त्याच म्हणाल्या, भाऊ, त्यांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल."

हासानंद साडेआठच लावू पाहत होता. श्रीपादने अकराने दोन शेर घेतला आणि सायकल हातात धरून चालत निघाला. कुमुदिनीचा सोमवार आला तेव्हा तांदूळ नऊ झाला असेल. शनिवार आला तेव्हा दहा. तो दर आठवड्याला मुंबईला आकडे धाडत होता, आणि खरा आकडा त्याच्या पानात भात वाढत होता.

घरी त्याने स्वतः भात टाकला. थोडा लागला. पान मांडून तो म्हणाला, "वार सोडायची वेळ झाली."

"आता भूक मेली. उद्या—"

"हासानंद भेटला."

कुमुदिनीने पान जवळ ओढलं. "त्याला रागावला नाहीत ना? भला माणूस आहे."

ती दोन घास जेवली. तिसऱ्याला हात थांबला. "खरंच जात नाही हो आता."

पुढच्या बुधवारी पाटीवर साडेआठ असताना श्रीपादने फॉर्मवर अकरा लिहिले. आठ दिवसांत फॉर्म परत आला : एका आठवड्यात एवढी वाढ संभवत नाही. त्याने पुन्हा अकरा लिहिले. कचेरीने साडेआठच धरले. हिरामणचा भत्ता जागचा हलला नाही. श्रीपादने त्याला दुकानाचं नाव सांगणं तेवढं सोडलं.

कुमुदिनीचे वार सुटले. वर्षभरात रक्त भरलं, असं डॉक्टर म्हणाले. पण संध्याकाळी तिला दोन घासांवर कधी गेलंच नाही. श्रीपाद समोर बसून ते घास बघत राही. फॉर्मवर त्यांना रकाना नव्हता.