जुन्या उताऱ्यावरचा नंबर

नियोजन समितीच्या सभेत शिपायाला तीन कामं. टेबलांवर पाणी ठेवायचं, हजेरीची वही फिरवायची आणि सुनावणी सुरू झाली की दारात उभं राहून हरकतदाराचं नाव पुकारायचं. तीनदा. तिसऱ्यांदाही कुणी उठलं नाही की आत जाऊन ‘गैरहजर’ सांगायचं. मी नाव इतक्या जोरात पुकारतो की आमचे हेडक्लार्क, मोठे बाबू म्हणतात, “अरे, हे काय शेत आहे का, पाखरं उडवायला?” पण कुणाला हाक ऐकू गेली नाही तर त्याचं घर रस्त्यात जाईल, ही भीती मला असते.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली. बोईसरला केमिकलच्या कारखान्यात पोती भरायचो, तिथं छातीत खोकला बसला आणि ठेकेदारानं घरी बसवलं. तेव्हा पालघरच्या कडेला ज्या मावशींच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो, त्या मला हाताला धरून ह्या कार्यालयात घेऊन आल्या. मोठे बाबू त्यांच्या माहेरच्या गावचे, माकुणसारचे. मावशी त्यांना म्हणाल्या, “पोरगा परका हाय, पन नियतीचा साफ हाय. पानी तरी देल ना तुमाला.” त्या एका वाक्यावर मला कंत्राटाची नोकरी लागली.

शहराचा नवा आराखडा नोटीसफलकावर लागला तेव्हा मी तो बोट ठेवून पाहिला. मावशींच्या घरावरून पंधरा मीटरचा रस्ता जात होता. मावशी एकट्या. मुलगा नाही, दुसरी जागा नाही. हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत होती. शेजाऱ्यांनी वकील धरला. मावशीही वकिलाचं विचारायला लागल्या तर मी म्हणालो, “वकील कशाला मावशी? मी रोज तिथंच असतो की. मला सगळं माहीत झालंय.”

माहीत होतंच. समितीत सात जण. तीन निवडून आलेले, चार जाणकार. चार आल्याशिवाय सभा सुरू होत नाही. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त कायम होतं, मग सुनावण्या. हरकतीत जे लिहिलंय तेवढंच बोलता येतं, त्याच्या बाहेरचं नाही. हे सगळं पाठ असलेल्या माणसाकडून चूक व्हावी!

मावशींनी पत्र्याच्या पेटीतून सासऱ्याच्या वेळचा सातबारा काढून दिला होता. प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर फाटलेला. आमच्या गावाकडंही असंच, जुना कागद तोच खरा कागद. नव्या उताऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची इतकी नावं चढलेली असतात की म्हातारी माणसं तो घरात ठेवतच नाहीत. मी त्या जुन्या उताऱ्यावरचा जमिनीचा नंबर हरकतीच्या अर्जात सुवाच्य अक्षरात उतरवला. नंबर मधल्या काळात बदलले होते. तो जुना नंबर आता ओढ्यापलीकडच्या मोकळ्या जमिनीला लागला होता. मला ते ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही. आवकचा शिक्का बसला तेव्हा छाती फुगली होती माझी.

सुनावणीच्या दिवशी मीच मावशींचं नाव पुकारलं. एकदाच पुकारावं लागलं. इस्त्रीचं पातळ नेसून त्या पहिल्या बाकावर बसलेल्या होत्या.

आत आरेखकानं नकाशा पसरला, नंबर शोधला आणि मान हलवली. निवडून आलेल्या सदस्यांपैकी एक हसले. “मावशी, ह्या नंबरात तर नुसतं गवत आहे. तुम्ही गवतात राहता का?”

सगळे हसले. मावशी नाही हसल्या. “गवतात कोन ऱ्हातं? दरसाल तुमचीच मानसं घरपट्टी मागाय माझ्या दारात येतात. तवा बरं घर दिसतं!”

पुन्हा हशा झाला, पण ह्या वेळी सदस्यांवर. मी पाण्याचा जग घेऊन टेबलापाशी उभा होतो.

अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, “मावशी, तुमचं खरं असेल. पण लेखी जो नंबर, त्याचीच सुनावणी. नवा अर्ज द्यायची मुदतही संपली.”

जाणकारांमधले एक निवृत्त अधिकारी कागद डोळ्यांजवळ धरून बघत होते. ते म्हणाले, “लिहिलं कुणी हे? इथल्या कुणी लिहून दिलं असेल तर कार्यालयाची चूक म्हणून दुरुस्त करता येईल. पण मग ज्यानं लिहिलं त्याला विचारावं लागेल, कार्यालयात बसून हरकती लिहून देतोस कसा म्हणून.”

मोठ्या बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. ते अक्षर त्यांना माहीत होतं. हजेरीच्या वहीवर तारीख मीच घालतो.

मी तोंड उघडलं. “साहेब…” एवढंच निघालं.

“पानी ठेव तिकडं,” मावशी माझ्यावर खेकसल्या. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, “इथल्या कोनी नाय लिवला साहेब. बाजारात एक मानूस बसतो, त्याच्याकडनं लिवून घेतला. आता तो कुठं हाय, मला नाय ठाव.”

निवृत्त साहेबांनी कागद खाली ठेवला. अध्यक्षांनी लिहायला सांगितलं, हरकत अमान्य. मी जग ठेवला आणि दारात जाऊन पुढचं नाव पुकारलं. तीनदा पुकारलं.

संध्याकाळी मावशींनी नेहमीसारखं जेवायला हाक मारली. बोंबलाचं कालवण होतं. मी म्हणालो, “मावशी, उद्या जाऊन खरं सांगतो.”

“आनि मग? माझा घर जानार तो जानार, वर तुझी नोकरी पन जाऊ दे? जेव गुमान.”

“दुरुस्त झालं असतं, मावशी.”

“झालं असतं नाय तर नाय झालं असतं. तुझी नोकरी तर गेलीच असती ना? तुला मी तिथं चिकटवलाय. माझ्या हातानं काढू?”

मी जेवलो. दुसऱ्यांदा भातही घेतला. ते आठवलं की आजही माझी मला शरम वाटते.

पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं गेलं. मावशींच्या नावापुढचा ‘अमान्य’ मी भिंतीला टेकून ऐकला. कायम करण्याआधी अध्यक्ष दरवेळी विचारतात, “काही दुरुस्ती?” ते सदस्यांना विचारतात, शिपायाला नाही. पण त्या दिवशी ते कागदातून मान वर करून थोडे थांबले. निवृत्त साहेबही थांबले. मोठे बाबू पेनाचं टोपण लावत-काढत होते. मी ग्लास मोजत होतो. सात होते, सातच लागतात, तरी मी पुन्हा मोजले.

“वाचल्याप्रमाणे कायम,” अध्यक्ष म्हणाले.

रस्ता अजून आलेला नाही. मावशी अंगण सारवतात. खोलीचं भाडं मी वाढवून देऊ लागलो तर त्या घेत नाहीत, म्हणतात, “जेवढा ठरलाय तेवढाच.” सकाळी मी निघालो की दारातून विचारतात, “आज सभा हाय का रे?” असली तरी मी ‘नाही’ म्हणतो.