चौथा तुकडा कोणासाठी?

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. नागपूरची आहे, कॉम्प्युटरवर पोट भरते, आणि सासूबाईंनी दिलेला ताईत अजून पाकिटातच पडून आहे. एकच खोड आहे... तीन वाढायचं नाही. पोळ्या दोन किंवा चार. तीन म्हणजे गेलेल्या माणसाचं पान, असं लहानपणापासून कानावर पडलंय. पटत नाही, तरी हात आपोआप चौथी उचलतो.

तर २००९चा जानेवारी. घर आमचं मॉन्ट्रियलजवळ लव्हालला. नवरा तेव्हा नोकरीसाठी दूर रेजिनाला, इथे मी आणि सहा वर्षांची ईरा. मी एका फ्रेंच बाईंचे जुने कागद स्कॅन करून त्यांचं पुस्तक जुळवून देत होते. मादाम द व्हेलाँकूर, वय ब्याऐंशी, लग्न केलेलं नाही. फ्रान्समध्ये त्यांच्या घराण्याचा शातो होता, म्हणजे खेड्यातली गढीच म्हणा – चार बुरूज, खंदक, द्राक्षमळे. तो विकून वडील त्यांना घेऊन कॅनडात आले, सोबत जुन्या कागदांच्या सात ट्रंका. त्या शातोचाच हा इतिहास. मादाम गेल्या की घराणं संपलं, मागे उरणार ते फक्त हे पुस्तक.

सोमवारी ते छापायला जाणार होतं. शनिवारी दुपारी मी वंशावळीचं शेवटचं पान दाखवायला गेले. बेबीसिटर मिळाली नाही म्हणून ईरालाही नेलं. मला एक गोष्ट कधीची खटकत होती. घराण्याच्या नोंदवहीत मादामच्या नावाखालची एक ओळ खरवडून काढलेली होती. स्कॅन कितीही मोठा केला तरी अक्षर लागत नव्हतं.

"मादाम, इथे कोणाचं नाव होतं?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"उंदरांनी खाल्लंय."

"उंदीर इतक्या सरळ रेषेत खात नाहीत."

"तुम्ही पुस्तक जुळवायला आलात की चौकशी करायला?" त्या फटकन म्हणाल्या.

माझं डोकं सणकलं. चार महिने खपून केलेलं काम, आणि त्यात एक अख्खं माणूसच गाळायचं? पण ईरा समोर होती, मी लॅपटॉप मिटून बाजूला सरकवला.

तिच्यासाठी मादामनी गॅलेट मागवला होता. जानेवारीतल्या एका सणाला फ्रेंच लोकांकडे हा खास केक असतो – पापुद्र्यांचा, आत बदामाचं सारण आणि त्यात दडवलेली चिनी मातीची इवलीशी बाहुली. बाहुली ज्याला मिळेल तो त्या दिवसाचा राजा. घरातलं सगळ्यात लहान मूल टेबलाखाली बसतं आणि कुठला तुकडा कोणाचा ते खालून सांगतं, म्हणजे वरच्यांना लबाडी करता येत नाही. ईरा खुशीत टेबलक्लॉथखाली शिरली.

मादामचे हात थरथरत, म्हणून सुरी माझ्याकडे आली. माणसं तीन... मी तुकडे केले चार.

"चार का?"

मी माझी खोड सांगितली. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत.

"आमच्याकडेही एक जास्तीचा असायचा," त्या म्हणाल्या. "दारात कोणी आलंच तर त्याच्यासाठी." मग टेबलाकडे वाकून त्यांनी विचारलं, "से पूर की? हा कोणासाठी?"

"मादाम!" खालून ईरा ओरडली.

दुसरा आईला, तिसरा स्वतःला. मी चौथ्यावर सुरी टेकवली.

"आणि हा कोणासाठी?"

खालून काहीच आवाज नाही. मी पुन्हा विचारणार, एवढ्यात...

"ओदील."

आवाज घोगरा होता, सर्दीने बसलेला. मादामच्या हातातली बशी खाली पडून फुटली. मी टेबलक्लॉथ वर केला. ईरा एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, शेजारी कोणाला जागा करून द्यावी तशी.

"ईरा, हे नाव कुठे ऐकलंस?"

"आय डिडन्ट से इट, आई. तिने सांगितलं." ईराने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. "शी इज फाइव्ह. मी सिक्स ना... सो इट्स हर टर्न."

ईराला मी अक्षरशः ओढून बाहेर काढलं. मादाम खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या होत्या.

"माझी बहीण," त्या म्हणाल्या. "याच सणाला आम्ही लपाछपी खेळत होतो. शातोच्या बागेत बर्फ साठवायचं तळघर होतं. ती आत लपली. मी गंमत म्हणून बाहेरून कडी घातली. तेवढ्यात केकसाठी हाक आली, मी पळाले आणि... विसरले. त्या दिवशी टेबलाखाली तिच्या जागी मी बसले. 'ओदील कुठाय?' वडिलांनी विचारलं. आठवलं, तरी घाबरून म्हटलं, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सापडली ती, गारठून गेलेली."

"म्हणून वडिलांनी नाव खरवडलं?"

"वडिलांनी नाही," मादाम म्हणाल्या. "मी. मागच्या उन्हाळ्यात, वही तुमच्या हाती देण्याआधी."

चौथ्या तुकड्याला कोणी हात लावला नाही. शेवटी त्यांनी माझा लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"लिहा. ओदील, वय पाच. आणि कडी कोणी घातली, तेही लिहा."

मी लिहिलं. पुस्तक तसंच छापलं गेलं. पुढच्या हिवाळ्यात मादाम गेल्या.

नंतर मी सगळे स्कॅन पुन्हा चाळले, ते नाव कुठेही नाही. कॅनडात आल्यापासून ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, असं मादामनी मला शपथेवर सांगितलं होतं. ईराला आता विचारलं तर म्हणते, "व्हॉट टेबल, आई?" उत्तर माझ्याकडे नाही, शोधायचंही सोडून दिलंय.

नवरा आता लव्हालला परत आलाय. जेवायला आम्ही तिघं असतो, आणि मी अजूनही चौथा वाटा काढते. फक्त आता सवयीने काढते असं म्हणवत नाही.