पांढऱ्या पंखांचा कावळा

आता हे तुम्हाला सांगू की नको, असं माझं कधीपासून चाललंय. पण आत्या सगळ्या गावाला सांगत सुटलीये, तेव्हा माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं. चहा घ्या आधी. मीही घेतो, मला जास्त गरज आहे.

लॉकडाऊनचा दुसरा हिवाळा. आमचं घर मेलबर्नच्या टोकाला, पॉइंट कुकला. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, बाहेर मास्क काढायचा नाही, आणि दिवसभर डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून मीटिंगा करायच्या. करमणूक एकच, आमच्या इस्टेटमधलं, म्हणजे वसाहतीतलं, तळं. त्यात राजहंस. इकडचे राजहंस काळे असतात, चोच लाल. पोहताना काळेकुट्ट दिसतात, पण उडाले की पंखांच्या कडा पांढऱ्याशुभ्र. त्या उडण्याचा एक धड फोटो मिळावा म्हणून मी जूनपासून, म्हणजे इकडची थंडी लागल्यापासून, रोज सकाळी तळ्यावर कुडकुडत उभा राहायचो. मास्कमुळे चष्म्यावर वाफ, वाफेमुळे कॅमेऱ्यात काही दिसत नाही, आणि हंस निवांत गवत खातायत. उडायचं नावच नाही.

"मिळाला का फोटो?" बायको रोज विचारायची.

"उद्या."

त्याहून जास्त बोलायचं त्राण नव्हतं हो. सगळ्यांचंच तसं झालं होतं तेव्हा.

बाबा त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेले. साताऱ्याला. विमानं बंद होती. मी सगळं फोनवर बघितलं, तेही मध्येच नेट गेलं म्हणून अर्धंच. हॉस्पिटलमधून परस्पर नेलं त्यांना. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की नाही, हेसुद्धा आईला कुणी धड सांगितलं नाही. ते तिच्या मनाला लागून राहिलं. म्हणून वर्षश्राद्ध आलं तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली.

"कावळ्याचा घास तू तिथे ठेव. आणि तो शिवला की मला फोटो पाठव. एकदा डोळ्यांनी बघू दे. म्हणजे त्यांचं काही राहिलं नाही असं मी समजेन."

नाही म्हणणार का कुणी? ऑफिसला सुट्टी टाकली. गुरुजींनी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर विधी सांगितले, बायकोने भात, वरण, खीर, उडदाचे वडे केले. केळीचं पान इंडियन दुकानातलं, फ्रीजरमधून काढल्यावर त्याचा पार लगदा झाला होता. ते सगळं घेऊन, गळ्यात कॅमेरा अडकवून, मी तळ्यावर.

कावळा होता. नव्हता असं नाही. बार्बेक्यूच्या शेडवर बसला होता. इथल्या कावळ्याचे डोळे पांढरे असतात. तो बघायला लागला की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं. पान काठावर ठेवलं आणि लांब उभा राहिलो. तो हलेना. मग आपल्याकडे करतात तसं कबूल करायला लागलो. मोठ्याने, कारण मास्क होता.

"बाबा, आईची काळजी करू नका. तिला इकडे आणतो. बाबा, फ्लाइट सुरू झाली की पहिला मी येतो."

मागून एक बाई कुत्रं घेऊन चालली होती. थांबली.

"यू ऑलराइट, डार्ल?"

"यस, यस. जस्ट टॉकिंग टू द क्रो."

"नो वरीज," ती म्हणाली, आणि कुत्र्याला जरा लांबून घेऊन गेली.

मी वळून बघतो तर काय, पानावर राजहंस. कधी पाण्यातून वर आला कोण जाणे. वडा गेला. भात गेला. खीर चाललीय. मी "हट, हट" करत धावलो, तसा तो पाण्यात पळाला, पाण्यावरून धावत धावत पंख पसरले आणि उडाला. आणि माझं बोट? सवयीने दाबलं गेलं.

घास संपला होता. कावळाही शेडवरून निघून गेला. मी ओल्या गवतात बसून कॅमेऱ्यात बघितलं. आयुष्यातला सर्वात सुंदर फोटो. लांब मान, लाल चोच, पांढऱ्या कडा, खाली पाण्याचे शिंतोडे. अख्खा हिवाळा जो मिळाला नाही, तो नेमका त्या दिवशी मिळाला.

तेवढ्यात आईचा फोन. "शिवला का रे?"

मी इतका दमलो होतो ना. आणि तिचा तो आवाज.

"शिवला," मी म्हणालो.

"पाठव फोटो."

मग मी तिथेच बसून, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, आयुष्यातल्या सर्वोत्तम फोटोची मान कापली. चोच गेली. उरलं एक काळं धूड आणि पंख. ते फॅमिली ग्रुपवर टाकलं.

काकांचे जोडलेले हात आले. भावंडांचे आले. मग आत्या आली.

"केवढा रे हा कावळा?"

"इथे सगळंच मोठं असतं, आत्या."

"पंख पांढरे कशाने?"

"थंडीने. हिवाळ्यात होतात तसे."

"आणि डोकं?"

"खाली घातलंय. घास घेतोय ना."

"उडता उडता?"

"चपळ असतात इथले."

थोड्या वेळाने गुरुजींचा निरोप आला. पांढऱ्या पंखांच्या कावळ्याने घास घेणं फार भाग्याचं. आईने तो फोटो छापून आणून बाबांच्या फोटोशेजारी ठेवला. मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगू का, जमलं याचा आनंदही होता. इतक्या माणसांना एका दमात पटवलं मी.

इथेच थांबायला हवं होतं. पण मूळ फोटो स्वस्थ बसू देईना. एवढा हिवाळा घालवलेला. आठवड्याने तो अख्खा, मानेसकट, स्टेटसला ठेवला. 'राजहंसाची झेप.' आई रोज जेवण झाल्यावर सगळ्यांची स्टेटस बघते, हे डोक्यातच आलं नाही.

फोन आला. "सुंदर आलाय रे फोटो."

"कुठला?"

"स्टेटसवरचा. मान फार छान आलीय. ग्रुपवर पाठवलास तेव्हा कुठे गेली होती?"

मी सगळं सांगून टाकलं.

"वडा खाल्ला त्याने?"

"पहिला वडाच."

"पान रिकामं झालं ना? मग झालं. हंसाने खाल्लं तर काय वाईट?"

"पण आई, बाकीच्यांना काय सांगू आता? गुरुजींना?"

"सगळ्यांना माहितीये," आई म्हणाली. "तुझा फोटो बघितला आणि मीच एकेकाला फोन केले. म्हटलं, पोरगा तिकडे अडकलाय, दमलाय, बाप गेल्यापासून धड रडलाही नाहीये. तो म्हणेल तो कावळा. कुणी हसायचं नाही. गुरुजींना काय बोलायचं तेही मीच सांगितलं."

"आणि आत्या?"

"तिलाही सांगितलं होतं. तिला राहवेना."

मग मात्र मी रडलो. चांगला पोटभर. आईने फोन ठेवला नाही.

तेव्हापासून ग्रुपवर मी काहीही टाकलं की त्याखाली आत्या लिहिते, 'कावळा छान आलाय.' परवा माझा वाढदिवसाचा फोटो होता. त्याखालीही तेच. आणि आईने त्याला अंगठा दिलाय.